मेमोआधी मध्यस्थ हवा

डोके जड राहते, झोप दोन तासांत मोडते, छातीत धडधडते, जेवणावर वासना नाही. रक्त तपासले, ईसीजी काढला, सोनोग्राफी झाली; सगळे ‘नॉर्मल’. रक्तदाब मात्र गोळी वाढवूनही आटोक्यात येत नाही. अशा रुग्णाला डॉक्टरांनी पाच मिनिटे जास्त दिली आणि ‘कामावर सगळे ठीक आहे ना?’ एवढेच विचारले, तर पुष्कळदा खरे दुखणे बाहेर येते. ‘साहेब सगळ्यांसमोर वाटेल ते बोलले’, ‘बरोबरचा माणूस सहा महिने तोंडाकडे पाहत नाही’, ‘रजा मुद्दाम अडवली’. हे दुखणे रक्ताच्या अहवालात दिसत नाही आणि नुसत्या औषधाने जातही नाही.

कामाच्या ठिकाणचे भांडण हा शिस्तीचा विषय मानला जातो. तो तितकाच आरोग्याचाही आहे. म्हणून त्यावरचा पहिला उपाय मेमो, चार्जशीट किंवा बदली नसावा. दोघांना समोरासमोर बसवून बोलते करणारा तटस्थ माणूस असावा. भुसावळसारख्या कामगारांच्या गावाला तर याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे.

शरीरात काय होते?

भांडण झाले की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. ॲड्रेनलिन वाढते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतो, पाठोपाठ कॉर्टिसॉल रक्तात साखर सोडते. ही यंत्रणा थोड्या वेळाच्या संकटासाठी बनलेली आहे. संकट टळले की ती शांत होते. कामावरच्या भांडणात अडचण अशी, की संकट टळतच नाही. ज्याच्याशी बिनसले तोच माणूस उद्या सकाळी हजेरीला समोर असतो. घरी आल्यावरही तोच प्रसंग मनात फिरत राहतो. ‘तेव्हा असे म्हणायला हवे होते’ या विचाराने रात्री दोनला जाग येते. आठवणीनेही शरीर तसेच तापते. महिनोन्‌महिने असे चालले की रक्तदाब, साखर, पित्त, पाठदुखी, झोप सगळ्यांवर परिणाम होतो. काहींचे तंबाखू-दारूचे प्रमाणही याच काळात वाढते.

ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवर १९६७ पासून झालेले ‘व्हाइटहॉल’ अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहेत. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की हृदयविकाराचे प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांत जास्त होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे धरूनही हा फरक पूर्ण उलगडत नव्हता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात एक कारण ठळक झाले : स्वतःच्या कामावर स्वतःचे नियंत्रण नसणे. याच कर्मचाऱ्यांच्या पुढच्या पाहणीत असेही दिसले, की ज्यांना वरिष्ठांची वागणूक न्याय्य वाटत होती, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका कमी होता. वरिष्ठ ऐकून घेतात का, टीका विनाकारण करतात का, निर्णयाचे कारण सांगतात का, असे ते साधे प्रश्न होते. म्हणजे ‘आपले कोणी ऐकत नाही’ ही तक्रार नुसती रडगाणे समजून सोडून देण्याजोगी नाही. तिचा हृदयाशी संबंध आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. त्यातले सगळेच भांडणामुळे नाहीत, हे उघड आहे. पण ब्रिटनच्या ‘एकास’ या कामगार-मालक सलोख्याचे काम करणाऱ्या संस्थेसाठी २०२१ मध्ये झालेल्या अभ्यासात कामावरच्या संघर्षाचा वेगळा हिशेब मांडला आहे. तिथे अशा संघर्षापायी वर्षाला पाच लाखांच्या आसपास कर्मचारी नोकरी सोडतात, नऊ लाखांच्या आसपास आजारपणाची रजा घेतात आणि एकूण खर्च सुमारे २८.५ अब्ज पौंड होतो. संघर्षात सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी ताण, चिंता किंवा नैराश्याचा त्रास सांगितला.

भुसावळची गोष्ट वेगळी का?

भुसावळ हे चोवीस तास जागे असणारे गाव. मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय, अवाढव्य यार्ड, विद्युत इंजिनांचे शेड आणि कारखाना, जवळच दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी. हजारो घरांचे वेळापत्रक पाळीवर चालते. पाळीचे काम म्हणजे तुटलेली झोप, आणि तुटलेली झोप म्हणजे तापट डोके. यालाही प्रयोगाचा आधार आहे. २००७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागे ठेवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रे दाखवली, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डला या भीती-रागाशी जोडलेल्या भागाची प्रतिक्रिया झोप झालेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त होती. रात्रपाळी संपवून निघालेला माणूस आणि नुकताच आलेला सुपरवायझर यांच्यात सकाळी सहाला शब्दाने शब्द वाढतो, तेव्हा दोघांच्या स्वभावाइतकाच हा मेंदूही दोषी असतो. त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला, आणि इंजिनाच्या खाली किंवा बॉयलरजवळचे काम.

दुसरी गोष्ट वसाहतीची. मुंबई-पुण्यात भांडण झालेला सहकारी संध्याकाळी लोकलमध्ये हरवून जातो. इथे तो समोरच्या क्वार्टरमध्ये राहतो. मुले एकाच शाळेत, बायका एकाच भिशीत, बाजार एकच. शेडमधला अबोला घराच्या ओट्यापर्यंत येतो. आठ तासांचा ताण चोवीस तासांचा होतो.

दोन फौजांसाठी टेबल आहे, दोन माणसांसाठी नाही

भुसावळच्या कामगारांना वाटाघाटी नव्या नाहीत. रेल्वेत कायमस्वरूपी वाटाघाटी यंत्रणा, म्हणजे रोजच्या बोलण्यातली ‘पीएनएम’, १९५२ पासून आहे. विभाग, झोन आणि रेल्वे बोर्ड या पातळ्यांवर मान्यताप्राप्त संघटना आणि प्रशासन ठरावीक काळाने समोरासमोर बसतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने समेट अधिकारी दिला. रेल्वेसारख्या सार्वजनिक उपयोगाच्या सेवेत संपाची नोटीस आली की समेटाची बोलणी करणे बंधनकारक केले.

बोलणी तुटली की काय होते, याचा अनुभवही रेल्वेने घेतला आहे. १९७४ मध्ये संपाच्या मागण्यांवर चर्चा चालू असतानाच २ मे रोजी जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली. ८ मे रोजी संप सुरू झाला, सुमारे तीन आठवडे चालला. हजारो कर्मचारी तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईतल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. दोन्ही वेळी कोण बरोबर होते यावर आजही वाद होतील. पण बोलण्याचे टेबल मोडल्याची किंमत कोणाच्या घराने मोजली, यावर वाद होणार नाही.

म्हणजे संघटना आणि प्रशासन या दोन फौजांसाठी टेबल आहे. पण रोज रक्तदाब वाढवणारे भांडण फौजांचे नसतेच. ते एका फिटरचे आणि एका इंजिनिअरचे असते, दोन क्लार्कचे असते, रोस्टर लावणाऱ्याचे आणि त्या रोस्टरवर धावणाऱ्याचे असते. अशा भांडणाला यंत्रणेत शिरायला एकच दार आहे : कागद. आधी तोंडी ताकीद, मग मेमो, मग खुलासा, मग रेल्वेत किरकोळ शिक्षेचे ‘एसएफ-११’ आणि प्रकरण चिघळले तर मोठ्या शिक्षेचे ‘एसएफ-५’. १९६८ च्या शिस्त आणि अपील नियमांची ही वाट गैरवर्तनासाठी आवश्यकच आहे. पण कागद एकदा फाइलीत गेला की कोणालातरी दोषी ठरवल्याशिवाय फाइल बंद होत नाही. मग जबाब देताना जुन्या चुका उकरल्या जातात, साक्षीदार जमवले जातात, सेक्शनमध्ये दोन गट पडतात. काट्याचा नायटा होतो. शेवटी शिक्षा झाली तर एक जण मनात डूख धरतो. न झाली तर दुसरा.

दुसरी रुळलेली वाट बदलीची. पण बदलीने भांडण संपत नाही, फक्त एका सेक्शनमधून दुसऱ्या सेक्शनमध्ये जाते. तिसरी वाट आजारपणाच्या रजेची. ती घेणारा पुष्कळदा ढोंग करत नसतो. शरीरच त्याच्या वतीने ‘आता तिथे जाववत नाही’ असे सांगत असते.

मध्यस्थ नेमके करतो काय?

मध्यस्थी म्हणजे लवाद नव्हे आणि समजूत घालणेही नव्हे. लवाद निकाल देतो. समजूत घालणारा बहुधा दुबळ्यालाच ‘जाऊ दे रे’ म्हणतो. मध्यस्थ यातले काहीच करत नाही. तो दोघांचे आधी वेगवेगळे आणि मग एकत्र ऐकतो, बोलण्याची शिस्त राखतो, आणि तोडगा दोघांकडूनच काढून घेतो. तिथे बोललेले बाहेर जात नाही, कोणाच्याही सेवापुस्तकात चढत नाही. पटले नाही तर उठून जाण्याची मोकळीक दोघांना असते.

समजा, एका शेडमध्ये पाळी बदलताना रोज खटके उडतात. सुपरवायझर म्हणतो, हा माणूस उशिरा येतो आणि काम अर्धवट टाकतो. कर्मचारी म्हणतो, साहेब मला चारचौघांत घालूनपाडून बोलतात. फाइलीच्या वाटेने गेले तर प्रश्न एकच : उशीर झाला की नाही? झाला. शिक्षा. मध्यस्थापुढे मात्र आणखी दोन गोष्टी निघू शकतात. कर्मचाऱ्याच्या आईचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती. सुपरवायझरला प्रत्येक इंजिन बिघाडामागे वरून जाब विचारला जातो आणि तो धसका तो खाली उतरवत होता. हे दोघांना एकमेकांच्या तोंडून कळले की तोडगा अवघड राहत नाही. ते दोन दिवस पाळी बदलून द्यायची, काम सोपवताना दहा मिनिटे वहीत लिहून सही करायची, आणि चूक दाखवायची ती खोलीत बोलावून, चारचौघांत नाही. यात कोणी हरले नाही. उशीर थांबला आणि अपमानही थांबला.

असे नुसते बोलून डोके शांत होते, यात गूढ काही नाही. कॅलिफोर्नियात मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या चित्रण-अभ्यासात, रागीट चेहरा पाहताना त्या भावनेला शब्दाने नाव दिले की अमिग्डलाची खळबळ कमी होते आणि विचार करणाऱ्या पुढच्या भागाचे काम वाढते, असे दिसले. ‘मला अपमान वाटला’ हे तीन शब्द सुरक्षित जागी उच्चारता येणे हेच अर्धे औषध आहे. उरलेले अर्धे म्हणजे समोरच्याने ते ऐकणे.

मोठ्या सरकारी सेवेत हे चालते का? अमेरिकेच्या टपाल खात्याने ते करून पाहिले आहे. तिथेही लाखो कर्मचारी, पाळ्या, वेळेचा धाक, आणि सुपरवायझर-कर्मचारी तंटे विकोपाला गेलेले. एका दाव्यातील तडजोडीतून १९९४ मध्ये फ्लोरिडाच्या एका भागात सुरू झालेली मध्यस्थी योजना १९९९ पर्यंत देशभर पोहोचली. मध्यस्थ बाहेरचे, बैठक कामाच्या वेळेत, निर्णय दोघांचा. इंडियाना विद्यापीठाच्या लिसा बिंगहॅम यांनी वर्षानुवर्षे तिचा अभ्यास केला. तक्रारदार आणि सुपरवायझर दोघांपैकीही ९० टक्क्यांहून अधिकांनी प्रक्रियेबद्दल समाधान नोंदवले, आणि औपचारिक तक्रारींची संख्या घटली. विशेष म्हणजे मिळालेल्या तोडग्यापेक्षा प्रक्रियेबद्दलचे समाधान जास्त होते. सगळे मनासारखे मिळाले नाही तरी आपले पूर्ण ऐकले गेले, एवढ्यानेही माणसाचा भार उतरतो.

शंका आणि मर्यादा

यावर पहिली शंका कामगारांकडून येईल : मध्यस्थ साहेबाचाच माणूस असेल. शंका रास्त आहे. म्हणून मध्यस्थ त्या सेक्शनच्या, शक्य तर त्या खात्याच्याच बाहेरचा हवा आणि दोघांना मान्य हवा. दुसरी शंका अधिकाऱ्यांकडून येईल : याने शिस्त ढिली पडेल. पण सुरक्षेचा नियम मोडणे, दारू पिऊन ड्युटीवर येणे, पैशांची अफरातफर हे मध्यस्थीचे विषयच नाहीत. त्यांना चौकशी आणि शिक्षाच हवी. संघटनांना वाटेल की आपले काम काढून घेतले जात आहे. उलट, दोन व्यक्तींची भांडणे वेगळी झाली तर पीएनएमच्या टेबलावर रिक्त पदे, कामाचे तास, क्वार्टरची दुरुस्ती अशा सगळ्यांच्या प्रश्नांना वेळ उरेल. दहा जणांचे काम सहा जणांवर पडत असेल, तर त्या सहांच्या भांडणावर मध्यस्थी हा उतारा नाही. तिथे चार माणसेच हवीत. ताण देणारी व्यवस्था तशीच ठेवून माणसांना ‘जुळवून घ्या’ सांगणे ही फसवणूक ठरेल.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा छळाची. लैंगिक छळाच्या तक्रारीत ‘मिटवून टाका’ म्हणणे बेकायदाच ठरू शकते. २०१३ च्या कायद्यात समेटाची तरतूद आहे, पण तो फक्त तक्रारदार महिलेने स्वतः मागितला तरच, चौकशीआधी, आणि पैशांच्या देवघेवीवर तो बेतता येत नाही. जातिवाचक शिवीगाळ हा गुन्हा आहे. तिथे जागा पोलिसांची आणि न्यायालयाची आहे. मारहाण आणि धमकीलाही हेच लागू. जिथे एक जण दुसऱ्याला घाबरतो, तिथे समोरासमोर बसवणे हा दुसरा छळ होतो. आणि अर्थात, मध्यस्थी ही रक्तदाबाची गोळी नव्हे. भांडण मिटले म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नये.

भुसावळमध्ये काय करता येईल?

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत गावोगावी समित्या बसल्या. बांधाचे, वाटेचे, भाऊबंदकीचे तंटे पारावर मिटवता येतात, हे गावांनी मान्य केले. जे बांधाला जमले ते वर्कशॉपला का जमू नये? केंद्राच्या २०२३ च्या मध्यस्थी कायद्यानेही मध्यस्थ निर्णय लादू शकत नाही आणि तिथले बोलणे गोपनीय राहते, ही तत्त्वे पक्की केली आहेत. कार्यालयातल्या अंतर्गत मध्यस्थीसाठी त्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. तत्त्वे उचलली तरी पुरे. वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, असे कामगार कायद्यात आहेच. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी लागत असे. रेल्वेत कल्याण निरीक्षक असतात. सांगाडा आहे, त्यात बोलण्याची खोली तेवढी नाही.

ती उभी करायला फार खर्च लागत नाही. भुसावळमध्ये शेकडो निवृत्त रेल्वे आणि निर्माणी कर्मचारी राहतात. त्यांतले काही असे असतात, की ज्यांचा शब्द दोन्ही गट मानतात. अशा दहा-पंधरा जणांना, त्यांत महिलाही असाव्यात, रीतसर प्रशिक्षण द्यावे. न्यायालयीन मध्यस्थांसाठी चाळीस तासांचे प्रशिक्षण ठरलेले आहे. तेच इथे चालेल. गावात रेल्वेची झोनल प्रशिक्षण संस्था आहेच. नव्या सुपरवायझरला इंजिनाबरोबर माणूस कसा हाताळायचा, याचे दोन तास तिथे मिळाले तर अर्धी भांडणे उगवण्याआधीच खुडली जातील.

नियम थोडेच ठेवावेत. तक्रार कोणीही तोंडी करू शकेल. आठवड्याच्या आत पहिली बैठक होईल, कारण भांडण जितके ताजे तितके सोपे. बैठक ड्युटीच्या वेळेत, पण रात्रपाळी संपल्यावर लगेच नको. आधी झोप, मग बोलणे. जागा साहेबाच्या केबिनबाहेरची. कागद एकच, शेवटी ठरलेल्या गोष्टींचा, दोघांच्या सहीचा, आणि तोही फक्त दोघांकडे. महिन्याने मध्यस्थाने दोघांची पुन्हा विचारपूस करावी. किती बैठका झाल्या, किती ठिकाणी जमले आणि त्या सेक्शनमधल्या आजारपणाच्या रजांचे काय झाले, याची नावांशिवाय नोंद ठेवावी. वर्षभरात योजना चालते की नाही ते आकडेच सांगतील.

रेल्वेच्या आणि निर्माणीच्या दवाखान्यांनीही एक गोष्ट करावी. वारंवार येणाऱ्या, तपासण्या ठीक असलेल्या, झोप उडालेल्या रुग्णाला कामावरच्या ताणाबद्दल विचारावे आणि त्याची संमती असेल तर मध्यस्थाकडे जाण्याचा रस्ता दाखवावा. झोप, भूक, उमेद दोन आठवड्यांहून जास्त हरवली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र मध्यस्थ नंतर, आधी मानसोपचारतज्ज्ञ. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

ज्या गावाने सत्तर वर्षांहून अधिक काळ संघटना आणि प्रशासनाला एका टेबलाशी बसवले, त्याला एका फिटरला आणि एका साहेबाला बसवणे जड नाही. त्यासाठी लागतात दोन खुर्च्यांऐवजी तीन, आणि पहिला मेमो टाइप होण्याआधीचा एक तास.